सकाळची गाय, संध्याकाळची गाय



आजचा विषय तसा साधा आहे. आफ्रिकेच्या सहलीची कार्यक्रमपत्रिका आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल, काहीजण जाऊनही आले असतील. नैरोबी, आंबोसेली, नाकुरू सरोवर, मासाई मारा. सिंह, हत्ती, गेंडा, जिराफ. आणि या यादीत कुठेतरी एक ओळ हमखास असते : 'मासाई खेड्याला भेट'. बहुतेक वेळा ती ऐच्छिक असते, तिचे डॉलर वेगळे मोजावे लागतात. म्हणजे आधी प्राणी, मग माणसं. ही ओळ त्या यादीत आली कशी, आणि ती तिथे असण्यात आपल्याला खटकावं असं काही आहे का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रश्न सुचला तो एका गाईमुळे, म्हणून आधी गाईची गोष्ट सांगतो.

आम्ही मारात गेलो ते ऑगस्टमध्ये. गटात सोळा जण, बहुतेक पुण्या-ठाण्याकडचे निवृत्त लोक. तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. चित्ता दिसला, विल्डबीस्टचे कळप दिसले. परतताना, अजून अभयारण्याच्या हद्दीतच होतो, आणि समोर आल्या गाई. पंचवीस-तीस असतील, बरगड्या दिसत होत्या. मागे काठी घेतलेला एक पोरगा. गटातल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, या कशाला मध्ये? फोटोची पार वाट लागली." चालकाने सांगितलं, यांना इथे चरायला बंदी आहे. पाऊस झाला नाही की रात्री आत घुसवतात, उजाडायच्या आत बाहेर काढतात, सापडले तर दंड भरतात. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम म्हणजे नियम. जंगल प्राण्यांसाठी आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही प्रवेशद्वाराबाहेरच्या खेड्यात गेलो. पैसे दिले. तरुणांनी त्यांचा तो प्रसिद्ध उड्यांचा नाच केला, त्याला 'अडुमू' म्हणतात. बायकांनी गाणं म्हटलं. एकाने लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडून दाखवला. मग वाकून एका अंधाऱ्या घरात जाऊन आलो. बाहेर येतो तोवर सूर्य खाली गेला होता, आणि काटेरी कुंपणाच्या फटीतून गाई आत यायला लागल्या. धूळ उडालेली, उन्हाची तिरीप, गळ्यातल्या घंटा. सगळ्यांचे कॅमेरे बाहेर आले. सकाळच्याच बाई म्हणाल्या, "किती सुंदर! अगदी गोरज वेळ."

कुणीतरी आमच्या वाटाड्या तरुणाला विचारलं, "यांना चरायला कुठे नेता?" तो हसला. काठीने त्याने ज्या दिशेला दाखवलं, त्या दिशेने आम्ही सकाळी आलो होतो. "या वर्षी आमच्या बाजूला गवत नाही," तो म्हणाला.

सकाळच्या गाई त्याच होत्या की शेजारच्या वस्तीच्या, ते आम्हाला सांगता येणार नाही. पण तत्त्वतः काही फरक पडत नाही. सकाळी जी गाय अतिक्रमण होती, ती संध्याकाळी संस्कृती झाली. मध्ये काय होतं? एक रेषा. अलीकडे निसर्ग, पलीकडे संस्कृती. आपण तिकिटं काढली होती ती दोन्ही बाजूंची, वेगवेगळी.

आता ही रेषा कोणी ओढली ते बघू. हे समजल्याशिवाय खेड्याला दिलेली भेट समजत नाही.

मासाई हे गुरं पाळणारे लोक. त्यांची भाषा 'मा'. सगळी गुरं एन्काईने, म्हणजे देवाने, आपल्याला दिली अशी त्यांची जुनी श्रद्धा. पावसामागे गुरं घेऊन फिरायचं, एका जागचं गवत संपायच्या आत दुसरीकडे जायचं, ही त्यांची रीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यावर गुरांची साथ, देवी आणि दुष्काळ असं सगळं एकदम कोसळलं. नेमक्या त्याच सुमारास इंग्रज आले. 1904मध्ये करार झाला : मासाईंनी रिफ्ट खोऱ्यातली चांगली कुरणं गोऱ्या वसाहतकारांसाठी सोडायची, त्यांना उत्तरेला लाइकिपियात आणि दक्षिणेला अशा दोन राखीव जागा मिळतील. आणि त्या जागा मासाई जमात अस्तित्वात असेपर्यंत त्यांच्याच राहतील. सात वर्षांनी, 1911मध्ये, दुसरा करार करून लाइकिपियाही काढून घेतलं आणि सगळ्यांना दक्षिणेकडे हलवलं.

मासाई कोर्टात गेले. हा खटला तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. 1913मध्ये निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : हा करार दोन सार्वभौम सत्तांमधला आहे, तेव्हा त्याचा निवाडा आमच्या अधिकारात बसत नाही. म्हणजे बघा, ज्यांना स्वतःच्या कुरणावर राहायची मोकळीक नव्हती, त्यांना खटला हरण्यापुरतं सार्वभौम ठरवलं गेलं.

पुढे उद्यानं आली. सेरेनगेटी हे नावच मूळ मा भाषेतलं, न संपणारं मैदान अशा अर्थाचं. ते 1951मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. 1959मध्ये तिथल्या मासाईंना बाहेर काढलं आणि शेजारच्या एन्गोरोन्गोरो क्षेत्रात माणसं, गुरं आणि वन्यप्राणी एकत्र राहतील असं ठरवलं. पण तिथेही 1975मध्ये शेतीवर बंदी आली, आणि अलीकडे, 2022पासून, तिथल्या कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर हलवण्याचं काम सुरू झालं. केनियात मासाई माराचं अभयारण्य 1961चं, आंबोसेली राष्ट्रीय उद्यान झालं ते 1974मध्ये. एक फरक मात्र नोंदवला पाहिजे. मारा हे केंद्र सरकारचं उद्यान नाही. त्याचा कारभार पहिल्यापासून नारोकच्या स्थानिक संस्थेकडे आहे. म्हणजे सगळीकडे गोष्ट एकसारखी नाही. पण रेषा सगळीकडे आहे, आणि खेडं नेमकं रेषेच्या बाहेर, प्रवेशद्वाराच्या शेजारी का असतं याचं उत्तर त्या रेषेत आहे.

इथे कोणी म्हणेल, "प्राणी वाचवायचे तर असं करावंच लागतं. माणसाचा हात न लागलेला निसर्ग कुठेतरी राहायला हवा." हे म्हणणं आम्ही टाकून देत नाही. प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्रझिमेक यांचा सेरेनगेटीवरचा माहितीपट 1959मध्ये आला. त्याला ऑस्कर मिळालं, आणि जगभर लोक या मैदानांच्या बाजूने उभे राहिले. ग्रझिमेक यांचा मुलगा त्याच कामात, गिधाड विमानाला धडकून, मारला गेला. ही माणसं प्रामाणिक होती. पण हात न लागलेला निसर्ग, या शब्दांत एक गृहीतक लपलेलं आहे, आणि ते तपासून घ्यायला हवं.

2018मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झालं. नैऋत्य केनियात, म्हणजे याच भागात, सुमारे दीड हजार ते तीन हजार सातशे वर्षांपूर्वीच्या गुराख्यांच्या वस्त्यांच्या जागा शास्त्रज्ञांनी तपासल्या. जिथे रात्री गुरं कोंडली जायची तिथे शेण साचलं होतं. त्या शेणामुळे ती माती आजही आजूबाजूच्या मातीहून कसदार आहे. तिथे चांगलं गवत उगवतं, आणि ते खायला हरणं-झेब्रे तिथे जमतात. हे गुराखी मासाईच होते असं नव्हे. मासाई उत्तरेकडून आले ते गेल्या काही शतकांत. पण मुद्दा लक्षात घ्या. गाडीतून ज्या हिरव्या तुकड्यावर आपण झेब्रे पाहतो आणि 'काय निसर्ग आहे!' म्हणतो, तो कुणाच्या तरी जुन्या गोठ्याची जागा असू शकते. गाईने बिघडवलेला वाटला तो निसर्ग काही प्रमाणात गाईनेच घडवलेला आहे. शिवाय मासाईंमध्ये शिकार करून पोट भरण्याची रीत नाही, त्यांचं सगळं गुरांवर. म्हणूनच त्यांच्या कुरणांवर वन्यप्राणी टिकले, आणि प्राणी टिकले म्हणूनच ती कुरणं उद्यानासाठी निवडली गेली. चांगलं सांभाळल्याबद्दल घर काढून घेतलं, असा हा प्रकार.

आता खेड्याकडे वळू. परतल्यावर बहुतेक मंडळी एकच तक्रार करतात : "सगळं बनावट होतं हो. पैशासाठी नाचत होते. आत मोबाइल चार्ज होत होता." आमच्या गटातही हे झालं. आम्हाला वाटतं, इथे आपण चुकीचा प्रश्न विचारतो.

मोबाइलचं घ्या. फोनवरून पैसे पाठवणं आपल्याकडे रुळलं त्याच्या कितीतरी आधी, 2007पासून, केनियात एम-पेसा चालू आहे. गुराख्याने फोनवरून बाजारभाव विचारणं यात बनावट काय? बरं, ज्याला आपण अस्सल म्हणतो ते तरी काय असतं? मासाई बायकांच्या गळ्यातले काचेचे मणी युरोपातून व्यापाऱ्यांबरोबर आले. तो लाल चौकड्यांचा कपडा, 'शुका', हाही व्यापाराचाच. त्याआधी ते कातडी पांघरत. यावर हसण्याआधी आपण आपल्या उपासाच्या ताटाकडे पाहावं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. म्हणून एकादशी बनावट होते का? परंपरा म्हणजे न बदललेली गोष्ट नव्हे. लोकांनी आपलीशी केलेली गोष्ट म्हणजे परंपरा.

समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनेल यांनी 1973मध्ये या प्रकाराला नाव दिलं, त्याचं मराठी 'मांडलेला अस्सलपणा' असं करता येईल. पर्यटकाला पडद्यामागचं बघायचं असतं, म्हणून त्याच्यासाठी एक खोटं पडद्यामागचं मांडलं जातं. हे बरोबरच आहे. पण आम्ही म्हणतो, मग बिघडलं काय? आपल्या घरी पाहुणे आले की आपण बैठकीची खोली आवरतो, माळा दाखवत नाही. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. ज्याला काही झाकता येतं, त्याच्याकडे अजून त्याचं स्वतःचं असं काही शिल्लक आहे. उलट, ज्याला काहीच झाकता येत नाही त्याची अवस्था खरी काळजीची.

आणि ती अवस्था इतिहासात घडून गेली आहे. हॅम्बुर्गचा कार्ल हागेनबेक हा प्राण्यांचा मोठा व्यापारी. गज नसलेले, खंदकवाले आधुनिक प्राणिसंग्रहालय ही त्याचीच कल्पना. 1870च्या दशकात त्याने रेनडिअरबरोबर सामी कुटुंबं आणून लोकांना दाखवायला सुरुवात केली. प्राणी आणि माणसं एकाच तिकिटात. 1906मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा या कांगोच्या तरुणाला माकडांच्या घरात ठेवलं होतं. आणि हे फक्त परदेशात आणि पूर्वीच, असं समजू नका. अंदमानात जारवांच्या राखीव प्रदेशातून मोठा रस्ता जातो. 2012मध्ये जारवा स्त्रियांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत उजेडात आली, आणि 2013च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या रस्त्यावरून पर्यटक नेण्यावर काही काळ बंदी घातली. त्या गाड्यांमध्ये बसलेले पर्यटक आपल्यासारखेच होते.

मग मासाई खेडं आणि हे सगळं एकच का? नाही. आम्ही तीन खुणा सांगतो. पहिली, समोरच्याला 'नाही' म्हणता येतं का? फाटक बंद करता येतं का? दुसरी, किंमत कोण ठरवतं आणि पैसे कुणाच्या हाती पडतात? तिसरी, तो आपल्याकडे पाहू शकतो का?

तिसरी खूण थोडी उलगडून सांगतो. आपल्याकडे द्रष्टा आणि दृश्य असा भेद करतात. पाहणारा तो द्रष्टा, पाहिलं जातं ते दृश्य. दृश्य कधी द्रष्टा होत नाही. गाडीतून सिंह पाहताना आपण निवांत द्रष्टे असतो. सार्त्रने 1943च्या आपल्या ग्रंथात एक प्रसंग कल्पिला आहे. एक माणूस किल्लीच्या भोकातून आत डोकावतोय. इतक्यात मागे पावलं वाजतात. त्या क्षणी त्याला कळतं, आपण दिसतोय, आणि त्याला लाज वाटते. खेड्यात आपल्याला जे अवघडल्यासारखं होतं ना, ते हेच. सिंहाने पाहिलं तर आपण खूश होतो, माणसाने पाहिलं की आपलं पाहणं उघडं पडतं. तेव्हा ते अवघडलेपण टाळायचं नाही. ते योग्य आहे. तिथूनच भेट सुरू होते.

आमच्या बाबतीत ती सुरू केली आमच्या सौभाग्यवतींनी. त्यांचं बालपण साताऱ्याकडे खेड्यात गेलं. त्या अंधाऱ्या घरात शिरल्यावर बाकीचे मोबाइलचे दिवे लावून फोटो काढत होते. हिने भिंतीवर तळवा फिरवला आणि हातानेच विचारलं, शेण आणि माती किती-किती? मासाईंमध्ये घर बायका बांधतात. त्या घरच्या बाईने आधी हिच्याकडे नीट पाहिलं, मग ओंजळी करून प्रमाण दाखवलं. हिने मान हलवली : आमच्याकडे माती जास्त. दोघी हसल्या. भाषा एकमेकींची एक अक्षर येत नव्हती. वीस मिनिटांच्या त्या कार्यक्रमात आखून न ठेवलेली तेवढीच एक गोष्ट घडली, आणि ती कामाबद्दल होती.

कामाबद्दल, हे महत्त्वाचं. कान्टचा नियम आपण मागे पाहिला आहे : माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्यातला 'केवळ' हा शब्द विसरायचा नाही. आपण रिक्षावाल्याला साधन म्हणून वापरतोच, तोही आपल्याला वापरतो. त्यात अपमान नाही, कारण दोघांना व्यवहार माहीत आहे. मासाई तरुण उड्या मारतो तेव्हा तो काम करत असतो. कामाला काम म्हणून मान द्यावा आणि मोबदला नीट द्यावा. त्याला 'निष्पाप, निसर्गाच्या कुशीतला' वगैरे म्हणणं हाच खरा अपमान, कारण तेव्हा आपण त्याला पुन्हा रेषेच्या त्या बाजूला, प्राण्यांत ढकलतो.

आता मोबदला म्हणजे दुसरी खूण. खेड्याचे पैसे अनेकदा गाडीचालकाच्या किंवा मधल्या माणसाच्या खिशात राहतात, वस्तीला थोडेच मिळतात, ही या भागातली जुनी तक्रार आहे. तेव्हा पैसे कुणाला द्यायचे हे विचारायला लाजू नये. शक्य असेल तर वस्तीतल्या ज्येष्ठांच्या हातात द्यावेत. मणी विकत घ्यायचे तर ओवणाऱ्या बाईकडूनच घ्यावेत.

दुसराही एक रस्ता निघाला आहे. माराच्या भोवतीच्या जमिनी मासाई कुटुंबांच्या नावावर आहेत. 2006च्या सुमारापासून या कुटुंबांनी जमिनी एकत्र करून पर्यटन व्यवसायाला भाड्याने द्यायला सुरुवात केली. नाबोइशो, मारा नॉर्थ ही अशी संवर्धन क्षेत्रं आहेत. जमीनमालकाला ठरलेलं भाडं मिळतं, गाड्यांची संख्या मर्यादित असते, आणि गुरांना पाळीपाळीने चरायला मुभा असते. सगळं आलबेल आहे असं नाही. चराईच्या पाळ्यांवरून कुरबुरी होतात, ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांना भाडं मिळत नाही, पर्यटक आटले की पैसेही आटतात. पण इथे नातं बदललेलं आहे. समोरचा माणूस सहलीतलं एक आकर्षण नाही, तो घरमालक आहे आणि आपण भाडेकरू. हे ध्यानात घेऊन त्याच्या दारात उभं राहून बघा, आपली चाल आपोआप बदलते.

त्या संध्याकाळचा एक प्रसंग सांगायचा राहिला. निघताना त्या वाटाड्या तरुणाने आम्हाला विचारलं, "तुमच्याकडे वाघ आहेत ना? त्या जंगलात आधी कोण राहायचं?"

आमच्या गटात ताडोबाला चार-चार वेळा जाऊन आलेले लोक होते. कुठल्या वाघिणीला किती बछडे, हे त्यांना तोंडपाठ. पण या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. ताडोबा हे नावच मुळी तारू या गोंडांच्या देवाचं, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. जामणी, नवेगाव, बोटेझरी या गावांचं पुनर्वसन होऊन ती जंगलाबाहेर गेली. हे आम्हाला माहीत होतं, पण त्या क्षणी सुचलं नाही. सुचलं नाही म्हणण्यापेक्षा, ताडोबाला जाताना हा प्रश्न आम्ही कधी कुणाला विचारलाच नव्हता. मासाईंकडे बघायला आम्ही हजारो किलोमीटर गेलो, आणि नागपूरहून गाडीने काही तासांवरच्या गावाचं नाव एका मासाई पोराने विचारल्यावर आठवायला लागलं.

तर मासाई खेड्याला जावं की जाऊ नये? आमचं उत्तर : जावं. पण आदल्या दिवशी त्या जमिनीची गोष्ट वाचून जावं. फोटो विचारून काढावा, पोरांना गोळ्या वाटू नयेत. 'सोपा' म्हणून नमस्कार करावा, ते 'इपा' म्हणतील. मग गाईंची चौकशी करावी : किती आहेत, दूध किती देतात, या वर्षी गवत कुठे आहे. गुरं पाळणाऱ्या माणसाला याहून जवळचा प्रश्न नसतो. आणि तो ज्या दिशेला काठी दाखवेल, तिकडे जरा वेळ पाहत राहावं.

पुढच्या वेळी ताडोबाला गेलात, तर वाघ दिसल्यावर किंवा न दिसल्यावर, गाइडला हेही विचारा की बाबा, इथे आधी गाव कुठलं होतं, आणि ती माणसं आता कुठे आहेत? त्यांतले बरेच गाइड याच भागातले असतात. उत्तर त्यांच्या घरातलंच असण्याची शक्यता आहे.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.